काशीला सहकुटुंब पहिल्यांदा जाताना मुक्काम कुठे करावा?

काशीत राहायची जागा शोधायला बसलं की नकाशावर सगळंच जवळ दिसतं. विश्वनाथाचं मंदिर, दशाश्वमेध घाट आणि त्यांच्या आजूबाजूला दाटीने असलेली लॉज, होमस्टे, धर्मशाळा. ‘घाटापासून २०० मीटर’ असं वाचलं की आपण निर्धास्त होतो. पण ते दोनशे मीटर गल्लीतले असतात. तिथे रिक्षा जात नाही, गल्ली मध्येच चार पायऱ्या चढते, सहा उतरते, आणि मुख्य रस्त्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंतचं चालणं त्या आकड्यात धरलेलंच नसतं. गुडघे दुखणारी आई, कडेवरचं मूल आणि चार बॅगा घेऊन हे अंतर कापायचं म्हणजे पुष्कळ होतं.

म्हणून भाडं, फोटो, खिडकीतून दिसणारी गंगा हे सगळं नंतर बघा. आधी एकच गोष्ट काढा: गाडी जिथे थांबते तिथून खोलीतल्या पलंगापर्यंत किती चालायचं आहे आणि किती चढायचं आहे. काशीत सहकुटुंब राहणं सुखाचं होईल की त्रासाचं, ते बरंचसं यावर ठरतं.

आधी गावाची मांडणी लक्षात घ्या

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि गाव तिच्या पश्चिम काठावर आहे. दक्षिणेला अस्सी घाट, उत्तरेला राजघाटाचा पूल, आणि मध्ये सहा-सात किलोमीटरच्या काठावर ८४ घाट. घाटांना लागून जुन्या गल्ल्यांचा पट्टा आहे, त्याला तिथले लोक पक्का महाल म्हणतात. त्या पट्ट्याच्या मागून, नदीला साधारण समांतर असा मुख्य रस्ता जातो: लंका, अस्सी, सोनारपुरा, मदनपुरा, गोदौलिया, चौक, मैदागिन. हा क्रम एका कागदावर लिहून घ्या. हॉटेलचा पत्ता या रस्त्याच्या कुठल्या ठिकाणाजवळ येतो आणि रस्त्यापासून नदीच्या बाजूला किती आत जातो, एवढं कळलं तरी अर्धा निर्णय होतो.

रस्त्याच्या पश्चिमेला लक्सा, रथयात्रा, सिगरा, महमूरगंज हे रुंद रस्त्यांचे भाग येतात. सिगऱ्याच्या उत्तरेला वाराणसी जंक्शन, म्हणजे सगळे ज्याला कँट म्हणतात ते स्टेशन, आणि स्टेशनच्या पलीकडे छावणी व नदेसर.

स्टेशनाचंही नीट बघून घ्या, कारण इथे एकाहून जास्त स्टेशनं आहेत. तिकिटावर ‘बनारस’ असेल तर ते पूर्वीचं मंडुआडीह. ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन’ असेल तर ते पूर्वीचं मुगलसराय, गंगेच्या पलीकडे, पंधरा किलोमीटरच्या आसपास. प्रयागराजवरून पुढे हावड्याला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वाराणसीला येतच नाहीत, मुगलसरायवरून जातात. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे.

सगळ्यांत कमी चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करा

बरोबर कोण कोण आहे, ते मनात आणा आणि त्यांतल्या सगळ्यांत कमी चालू शकणाऱ्या माणसाचा विचार आधी करा. त्यांना विचारताना ‘चालवेल ना?’ असं विचारू नका. घरातली वडीलधारी मंडळी काशीचं नाव निघालं की ‘चालवेल’ असंच म्हणणार. घरी ती रोज किती चालतात, जिना किती वेळा चढतात, रात्री किती वेळा उठतात, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येतं का, हे तुम्हाला ठाऊक असतं. त्यावरून ठरवा.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाचा क्रम. काशीतला दिवस दोन टोकांना जड असतो. पहाटे दर्शन किंवा सूर्योदयाची नाव, आणि संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती. मधली दुपार बहुतेक कुटुंबं खोलीवर घालवतात. म्हणजे दिवसातून दोनदा जाणं-येणं आलं. त्यातही आरती संपल्यावर अख्खी गर्दी एकाच वेळी गोदौलियाकडे वळते. रिक्षा लांब उभ्या असतात, मिळाली तरी भाडं वाढलेलं असतं, आणि मुलं पेंगुळलेली असतात. रात्रीचं हे परतणं कसं होणार, त्याचं उत्तर मुक्काम ठरवतानाच मिळायला हवं.

भाग कोणता निवडावा

गोदौलिया आणि लक्सा रस्ता. पहिल्यांदा जाणाऱ्या, दोन-तीन रात्री राहणाऱ्या आणि मुख्यतः विश्वनाथाच्या दर्शनासाठी आलेल्या कुटुंबाला मी हाच भाग सुचवीन. मात्र हॉटेल मुख्य रस्त्यावर हवं आणि लिफ्ट हवी. गोदौलिया चौकातून दशाश्वमेध घाट अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर आहे, मंदिरही चालत जाण्याच्या अंतरावर. गोदौलियाच्या आसपास वाहनबंदी असते आणि सणावारी ती आणखी मागे सरकते. त्यामुळे गिरजाघर चौक किंवा लक्साकडची बाजू घेतली तर सामान घेऊन पोचणं सोपं जातं. इथे आवाज खूप असतो. रस्त्याच्या बाजूची खोली नको म्हणून आधीच सांगा.

अस्सी. वडीलधारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही बरोबर असतील आणि मुक्काम तीन रात्रींपेक्षा मोठा असेल, तर माझी पसंती अस्सीला. वाहन घाटाच्या बरंच जवळ येतं. घाट ऐसपैस आहे, मुलांना मोकळं सोडता येतं, आणि पहाटे तिथे आरती आणि शास्त्रीय संगीत असतं. आजीला घाटावर चहा घेत बसवून बाकीचे नावेतून फिरून येऊ शकतात, इतका तो निवांत आहे. दुर्गाकुंड, संकटमोचन, तुलसी मानस मंदिर आणि हिंदू विद्यापीठ याच बाजूला. राणी लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानाचं स्मारकही जवळच भदैनीत आहे. मराठी मुलांना ते जरूर दाखवावं. विश्वनाथ मंदिर इथून साधारण तीन किलोमीटर. तेवढं एक जाणं-येणं रिक्षाने करावं लागतं, पण बाकी दिवस हलका जातो.

घाटालगतच्या गल्ल्या. बंगाली टोला, चौसट्टी घाट, राणामहल, मीर घाट या भागात राहण्यात जी मजा आहे ती दुसरीकडे नाही, हे मान्यच केलं पाहिजे. पहाटे पाच मिनिटांत पाण्याशी, सकाळी कोपऱ्यावर गरम कचोरी-भाजी आणि जिलबी, थंडीत मातीच्या कुल्हडातली मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची गोड मिठाई. पण जुन्या घरांचे जिने एकदा बघून घ्या. दार ठेंगणं, आत शिरल्यावर क्षणभर अंधार, आणि समोर दगडी जिना. एकेक पायरी आपल्या घरच्या पायरीपेक्षा बरीच उंच, वळणावर कठडा नाही, धरायला भिंतीत बसवलेला एखादा दोर किंवा नळीच. गंगा दिसणारी खोली हमखास तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर असते. तिशी-पस्तिशीतलं जोडपं आणि दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर खुशाल राहा. साठीच्या पुढचं कोणी बरोबर असेल आणि खोली तळमजल्यावर नसेल, तर नको.

गल्लीतली जागा घेताना आणखी एक पाहा. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन घाटांवर रात्रंदिवस अंत्यसंस्कार चालतात. मणिकर्णिकेकडे जाणाऱ्या गल्ल्यांतून ‘राम नाम सत्य है’ म्हणत तिरड्या जातात, धूर येतो. काशी समजून घ्यायची तर हे टाळण्यासारखं नाही, आणि मोठ्यांना त्याचं काही वाटतही नाही. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला खिडकीखालून दर तासाला हे दिसावं का, ते आईवडिलांनी आधी ठरवावं.

छावणी, नदेसर, सिगरा, महमूरगंज. स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी यात्रा करणाऱ्यांनी, किंवा अयोध्येला पुढे जाणाऱ्यांनी इकडे राहावं. गाडी दारात लागते, खोल्या मोठ्या असतात, लिफ्ट असते, आणि सारनाथसाठी किंवा विमानतळासाठी जुन्या गावात शिरावं लागत नाही. तोटा म्हणजे घाट दूर राहतो. दोन्ही वेळा जायचं म्हटलं तर दिवसाचे दोन-तीन तास वाहतुकीत जातात, आणि मग संध्याकाळच्या आरतीनंतर ‘उद्या पहाटे नको’ असंच सगळे म्हणतात.

कँट स्टेशनसमोर परेड कोठीत उत्तर प्रदेश पर्यटनाचं राही पर्यटक आवास आहे आणि आसपास पुष्कळ लॉज आहेत. एका रात्रीपुरतं ठीक. त्याहून जास्त राहण्यासाठी तिथे काही नाही.

धार्मिक कार्यासाठी जात असाल तर

अस्थिविसर्जन, श्राद्ध, एखादी पूजा यासाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांचं गणित वेगळं असतं. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा भाग पूर्वीपासून मराठी माणसांचा. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचं मंदिर उभारलं ते १७८० साली. त्या काळात आणि नंतर होळकर, शिंदे, भोसले यांनी घाट बांधले, वैदिक घराणी इथे येऊन राहिली, आणि आजही या गल्ल्यांतून मराठी कानावर पडतं. तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय ठरलेले असतील तर खोली बघण्याआधी त्यांना फोन करा. राहायची सोय त्यांच्याकडे किंवा शेजारी होते का, जेवणात वरण-भात मिळेल का, विधी कुठल्या घाटावर आणि किती वाजता, हे सगळं एकाच बोलण्यात कळतं. विधीच्या दिवशी ओल्या वस्त्रांनी लांब जावं लागू नये, म्हणून जागा जवळ असणं इथे खरंच महत्त्वाचं.

मात्र याही भागात चढ-उतार आहेच, पंचगंगेच्या पायऱ्या तर चांगल्याच उभ्या आहेत. गाडीने यायचं ते मैदागिनच्या बाजूने, गोदौलियाच्या नव्हे. काळभैरव इकडून जवळ पडतो.

धर्मशाळा स्वस्त असतात आणि बऱ्याच ठिकाणी स्वच्छताही चांगली असते. चार गोष्टी आधी विचारा: कमोड आहे का, गरम पाणी नळाला येतं की बादलीने मिळतं, लिफ्ट आहे का, आणि रात्री फाटक किती वाजता बंद होतं. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. विश्वनाथाची मंगला आरती पहाटे ३ ते ४ असते, म्हणजे तिकीट काढलं असेल तर दोन-अडीचलाच बाहेर पडावं लागतं. त्या वेळी फाटकाला कुलूप असेल आणि किल्लीवाला झोपला असेल, तर तिकीट वाया गेलंच. मंगला आरती करायची असेल तर त्या रात्रीपुरती तरी जागा मंदिरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत हवी.

मंदिराच्या जवळ राहण्याचा आणखी एक फायदा आहे. आत मोबाइल नेता येत नाही. खोली जवळ असली की फोन, पट्टा, पाकिटं तिथेच ठेवून हातात फुलं घेऊन जाता येतं, लॉकरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. २०२१च्या डिसेंबरात विश्वनाथ धाम सुरू झाल्यापासून गंगेच्या बाजूनेही ललिता घाटावरून गंगाद्वारातून आत जाता येतं, पण तिथे घाटावरून वर चढून यावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांनी रस्त्याच्या बाजूचंच प्रवेशद्वार धरावं. म्हणून हॉटेल निवडताना ‘मंदिर किती लांब’ यापेक्षा ‘मंदिराचं कुठलं द्वार जवळ’ असं विचारा.

बुकिंगच्या आधी एक फोन

अॅपवर जागा आवडली तरी पैसे भरण्यापूर्वी तिथे फोन करा. हिंदीत सरळ विचारा: “भैया, ऑटो कहाँ तक आएगा? वहाँ से पैदल कितना है? बीच में सीढ़ियाँ कितनी हैं? कमरा कौन-से माले पर है? लिफ़्ट चालू है?” ‘बस पास में ही है’ असं उत्तर आलं तर थांबू नका. गाडी जिथे थांबते त्या चौकाचं नाव घ्या आणि नकाशावर तिथून चालण्याचा रस्ता काढा. शक्य असेल तर गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंतचा आणि जिन्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मागवा. चांगला मालक दोन मिनिटांत पाठवतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आजी-आजोबांना नेऊ नये.

त्याच फोनवर आणखी काही विचारून घ्या. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा? मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा प्रश्न फार कामाचा. खिडक्यांना आणि गच्चीला जाळी आहे का? घाटालगत माकडं भरपूर आहेत, वाळत घातलेले कपडे आणि मुलांच्या हातातला खाऊ दोन्ही पळवतात. सामान घ्यायला गल्लीच्या तोंडाशी माणूस येईल का? आणि गाडी पहाटे पोचत असेल तर खोली केव्हा मिळेल? दुपारी बाराशिवाय देत नसतील तर आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग करणं परवडतं, कारण रात्रभराच्या प्रवासानंतर मुलांना घेऊन लॉबीत सहा तास बसणं फार जड जातं.

लोकांचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे बघू नका. ‘जिना’, ‘सीढ़ी’, ‘वॉक’, ‘पॅरेंट्स’ असे शब्द शोधा. आपल्यासारखं कुटुंब तिथे राहून काय म्हणालं, ते त्यातून कळतं.

सामानाबद्दलही इथेच सांगतो. चाकांची मोठी बॅग गल्लीतल्या दगडांवर ओढता येत नाही, शिवाय वाटेत शेण, पाणी आणि समोरून येणारा सांड असतो. दोन मोठ्या बॅगांऐवजी प्रत्येकाच्या पाठीवर एकेक सॅक बरी.

केव्हा जाताय त्याप्रमाणे बदल करा

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गंगा चढली की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. एका घाटावरून दुसऱ्यावर काठाने चालत जाणं बंद होतं, नावा थांबवतात. अशा वेळी गंगा दिसणाऱ्या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजूनही उपयोग मर्यादितच. मुख्य रस्त्यावरची जागा घ्या.

तारखा ठरवताना एक गोष्ट आपल्याकडची मंडळी हमखास चुकतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे तिथला श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी. ‘आपला श्रावण लागायच्या आत जाऊन येऊ’ म्हणून आषाढ वद्यात गेलात तर ऐन गर्दीत सापडाल. कावडिये, सोमवारच्या रांगा, लांबवर बंद केलेले रस्ते. उलट आपल्या श्रावणाच्या वद्य पक्षात तिथे भाद्रपद लागलेला असतो आणि गर्दी ओसरू लागते.

कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीला घाटावर दिवे लागतात आणि खोल्यांचे भाव कित्येक पटींनी वाढतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणार असाल तर ती तारीख मध्ये येते का, ते आधी बघा. आणि ती बघायचीच असेल तर काही महिने आधी खोली घ्या. महाशिवरात्रीलाही तेच. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीभर धुकं असतं, गाड्या कित्येक तास उशिरा येतात, विमानं रद्द होतात. त्या दिवसांत रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, आणि खोलीत गीझर व जाड रजया आहेत का ते विचारा.

पैसे भरताना आणि पोचल्यावर

प्रसिद्ध धर्मशाळा आणि अतिथिगृहांच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि फोन नंबर फिरत असतात. शोधल्यावर जो पहिला नंबर दिसला त्यावर पूर्ण रक्कम पाठवू नका. संस्थेच्या मूळ गावच्या कार्यालयातून किंवा नुकतंच तिथे राहून आलेल्या ओळखीच्यांकडून नंबर घ्या. कोणी घाई करून क्यूआर कोडवर आगाऊ पैसे मागितले तर सोडून द्या. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मूळ प्रत बरोबर ठेवा, आधारची झेरॉक्स दोन-दोन असली तर बरं.

स्टेशनवरून निघताना रिक्षावाला कधी कधी सांगतो, ‘त्या हॉटेलचा रस्ता बंद आहे, दुसरं चांगलं दाखवतो.’ रस्ता खरंच बंद असूही शकतो, म्हणून वाद घालू नका. त्याच्यासमोर हॉटेलला फोन लावा आणि कुठे उतरायचं ते दोघांना बोलू द्या. उतरल्यावर सगळ्यांनी एकदम गल्लीत शिरू नये. आजी-आजोबांना आणि मुलांना चौकातल्या एखाद्या दुकानापाशी सावलीत बसवा, एकाने पुढे जाऊन खोली बघून यावी. नळाचं पाणी, कमोड, दाराची कडी, खिडकीची जाळी आणि पलंगांची संख्या बघा. सांगितलेल्या मजल्यावरची खोली नसेल तर सामान आत नेण्यापूर्वीच बोला. सामान वर गेलं की बदल होत नाही.

परतीच्या दिवसाचाही हिशेब राहू द्या. गल्लीत राहिला असाल आणि सकाळची गाडी किंवा विमान असेल, तर आदल्या रात्रीच रिक्षावाल्याची जागा आणि वेळ ठरवून ठेवा आणि सामान उचलणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. गोदौलियाहून बाबतपूरला निघताना रस्त्यासाठी निदान दीड तास धरा. गाडी मुगलसरायहून असेल तर पुलावरच्या खोळंब्यासाठी तेवढाच.